आरिस्टिडिस द सोझा मेंडिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जून उजाडला की वाचनालयात नाहीतर एखाद्या शाळेत मी या माणसाविषयी बोलतो. कार्यक्रम संपल्यावर चिठ्ठ्या येतात, पुढे आठवडाभर मेसेज येतात, आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हे गृहस्थ कोण? थोडक्यात सांगा.

पोर्तुगालचे मुत्सद्दी. १९४० साली ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पोर्तुगालचे कॉन्सल होते. जर्मन फौजा पुढे सरकत होत्या आणि हजारो निर्वासित बोर्दोत येऊन अडकले होते. त्यांत ज्यूंची संख्या मोठी होती. स्वतःच्या सरकारचा स्पष्ट मनाई हुकूम असतानाही मेंडिस यांनी त्या लोकांना पोर्तुगालचे व्हिसा दिले. त्याबद्दल त्यांची खातेनिहाय चौकशी झाली, नोकरी गेली, घर गेलं. १९५४ साली लिस्बनमध्ये ते हलाखीत वारले. त्यांच्या देशाने चूक मान्य केली ती त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

जन्म १९ जुलै १८८५, गाव काबानास द विरियातु, जिल्हा विझेऊ. घराणं जमीनदार आणि कट्टर कॅथलिक. कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकले. जुळा भाऊ सेझर हाही मुत्सद्दी होता आणि काही काळ पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्रीही झाला. आरिस्टिडिस आणि आंजेलिना यांना चौदा मुलं होती.

२. सोझा आणि मेंडिस ही तर आमच्या गोव्याची आडनावं. ते गोयंकार होते का?

नाही. हा प्रश्न गोवा, सावंतवाडी, वसई या भागांतून हमखास येतो आणि तो स्वाभाविकच आहे. पोर्तुगीज अमलात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना अनेकदा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे. त्यामुळे पोर्तुगालमधली नेहमीची आडनावं इथे घरोघर आली. मेंडिस यांचं कुटुंब पोर्तुगालच्या मध्य भागातल्या बैरा प्रांतातलं. झांझिबार, ब्राझील, सॅन फ्रान्सिस्को, अँटवर्प अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली. गोव्याशी त्यांचं नातं वेगळं आहे, त्याविषयी प्रश्न १३ पाहा.

३. एवढे लोक बोर्दोतच का जमले? आणि सगळ्यांना पोर्तुगालचाच व्हिसा का हवा होता?

१० मे १९४० ला जर्मनीने बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सवर एकाच वेळी हल्ला चढवला. उत्तरेकडची माणसं मोटारी, सायकली, हातगाड्या, जे मिळेल ते घेऊन दक्षिणेला निघाली. १४ जूनला पॅरिस पडलं. फ्रेंच सरकारही बोर्दोत येऊन थांबलं आणि शहरात पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक चौकांत आणि मोटारींत झोपत होते.

पुढे जायला वाट एकच उरली होती. दक्षिणेला स्पेन, स्पेनपलीकडे पोर्तुगाल, आणि पोर्तुगालच्या लिस्बन बंदरातून अमेरिकेकडे जहाज. पोर्तुगाल तटस्थ होता. स्पेनमध्ये फ्रँकोची राजवट. ती निर्वासितांना ठेवून घ्यायला तयार नव्हती, फक्त आपल्या भूमीतून पार होऊ देई, आणि तेही पोर्तुगालचा व्हिसा हातात असेल तरच. पोर्तुगीज शिक्का नाही तर स्पेनचा नाही, आणि स्पेनचा नाही तर सीमा बंद. म्हणून लुई अठराव्याच्या नावाच्या धक्क्यावरच्या १४ क्रमांकाच्या इमारतीसमोर, म्हणजे पोर्तुगीज वकिलातीसमोर, रांग लागली.

४. व्हिसा देणं हे तर कॉन्सलचं कामच. मग मनाई कशाची होती?

‘परिपत्रक १४’ ची. ११ नोव्हेंबर १९३९ ला लिस्बनच्या परराष्ट्र मंत्रालयाने ते सगळ्या वकिलातींना पाठवलं. काही प्रकारच्या लोकांना मंत्रालयाची आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय व्हिसा द्यायचा नाही, असा त्याचा आशय. ते लोक कोण? ज्यांचं नागरिकत्व अनिश्चित किंवा वादग्रस्त आहे असे, कुठल्याच देशाचे नसलेले, नान्सेन पासपोर्टवाले (म्हणजे देश गमावलेल्या निर्वासितांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवासपत्रावर फिरणारे), रशियन, आणि ‘आपल्या देशातून हाकलले गेलेले ज्यू’.

ही यादी नीट वाचा. ज्यांना आसऱ्याची सर्वांत जास्त गरज होती नेमके तेच तिच्यात आहेत. वरून पाहिलं तर ही बंदी नव्हती, फक्त ‘आधी विचारा’ एवढीच सूचना होती. पण तारेचं उत्तर यायला दिवस लागत, ते बहुधा नकाराचंच असे, आणि जर्मन फौज त्यासाठी थांबणार नव्हती. माझ्या भाषणाचा अर्धा वेळ मी या एका कागदावर घालवतो. मेंडिस यांच्यासमोर उभी असलेली अडचण बंदुकीची नव्हती, कार्यालयीन भाषेतल्या एका परिपत्रकाची होती, आणि ही भाषा आपल्यापैकी पुष्कळांना रोजच्या कामातून चांगली ठाऊक आहे.

मेंडिस यांनी हे परिपत्रक जूनच्या आधीही मोडलं होतं. नोव्हेंबर १९३९ मध्येच त्यांनी आर्नोल्ड विझनित्झर या ऑस्ट्रियन ज्यू अभ्यासकाला परवानगीची वाट न पाहता व्हिसा दिला. पुढे मार्च १९४० मध्ये एदुआर्दो नेइरा लापोर्ते या स्पॅनिश प्रजासत्ताकवादी डॉक्टरलाही दिला. मंत्रालयाने ताकीद दिली होती. म्हणजे जूनमध्ये जे झालं ते क्षणिक भावनेच्या भरात झालेलं नाही. परिणाम काय होईल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

५. रब्बींची गोष्ट काय आहे? कुणी म्हणतं त्यांच्यामुळेच सगळं घडलं.

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हाईम क्रूगर. मूळचे पोलंडचे, बेल्जियममधून पत्नी आणि पाच मुलांना घेऊन पळालेले. बोर्दोच्या सिनेगॉगजवळ (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाजवळ) त्यांची मेंडिस यांच्याशी गाठ पडली आणि मेंडिस यांनी सगळ्या कुटुंबाला आपल्या घरी आणलं. क्रूगर यांच्यासाठी त्यांनी लिस्बनकडे परवानगी मागितली. १३ जूनला नकार आला. तेव्हा मेंडिस म्हणाले की तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला मी तरीही व्हिसा देतो. क्रूगर यांनी तो नाकारला. बाहेर रस्त्यावर माझे लोक पडले आहेत, एकट्यासाठी मी घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर मेंडिस अंथरुणाला खिळले. १४ ते १६ जून, जवळजवळ तीन दिवस, ते खोलीतून बाहेर आले नाहीत. १७ जूनला सकाळी उठले, दाढी-अंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले की आता सगळ्यांना व्हिसा मिळेल. वंश, देश, धर्म काहीही पाहिलं जाणार नाही.

‘त्यांच्यामुळे घडलं’ हे अर्धं खरं. आधीची प्रकरणं (प्रश्न ४) पाहता मेंडिस यांचा कल स्पष्ट होता. पण एकदोघांना नियमाबाहेर मदत करणं वेगळं आणि दार सताड उघडणं वेगळं. या दोहोंतलं अंतर त्यांना ओलांडायला लावलं ते क्रूगर यांच्या नकाराने. जीव धोक्यात असताना, पाच मुलं सोबत असताना, समोर धरलेला व्हिसा परत करणारा तो माणूसही लक्षात राहावा असं मला मनापासून वाटतं. मेंडिस यांच्यावर बोलताना मी क्रूगर यांचं नाव कधी गाळत नाही.

६. हे सगळं किती दिवस चाललं?

जेमतेम आठवडाभर. १७ जूनपासून बोर्दोत सकाळपासून रात्री उशिरापर्यंत काम चाललं. मेंडिस सह्या करत, सचिव जुझे सेआब्रा आणि दोन मुलगे मदतीला. क्रूगर स्वतः रस्त्यावरच्या लोकांचे पासपोर्ट गोळा करून वर आणून देत. हळूहळू पूर्ण सहीऐवजी नुसतं ‘मेंडिस’ उमटू लागलं आणि नोंदवहीत नोंदी करणं मागे पडलं. तूलूझच्या मानद उपकॉन्सलनाही त्यांनी फोनवरून व्हिसे द्यायला सांगितलं.

२० जूनच्या सुमारास ते स्पेनच्या सीमेजवळच्या बायोनला गेले. तिथला कॉन्सल परिपत्रकाबरहुकूम लोकांना परत पाठवत होता. मेंडिस यांनी आपल्या वरिष्ठपणाच्या अधिकारात तिथलं काम हाती घेतलं. मग सीमेवरचं आंदाय. तोपर्यंत माद्रिदमधले पोर्तुगीज राजदूत तेओतोनियु परैरा सीमेवर येऊन धडकले होते. बोर्दोचे व्हिसे ग्राह्य धरू नयेत असं त्यांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांना कळवलं. मोठा नाका बंद झाल्यावर मेंडिस यांनी मोटारींचा एक तांडा, टेलिफोन नसल्यामुळे तो हुकूम न पोचलेल्या एका लहान नाक्यावरून पार करवला, अशी हकिगत निर्वासितांच्या आठवणींतून सांगितली जाते.

२४ जूनला पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान सालाझार याचा हुकूम निघाला: ताबडतोब परत या. ८ जुलैला ते पोर्तुगालला पोचले.

७. व्हिसा मिळाला म्हणजे सुटका झाली, असं समजायचं का?

नाही. व्हिसा ही पहिली पायरी. त्यानंतर स्पेनचा पारगमन व्हिसा, मग सीमा, मग स्पेनमधून रेल्वे किंवा मोटारीने पोर्तुगालचं विलार फोर्मोझु हे सीमेवरचं स्टेशन. काही जणांच्या हातात व्हिसा असूनही सीमा बंद झाली आणि ते फ्रान्समध्येच अडकले. काहींना पोर्तुगालच्या हद्दीवर अडवून ठेवलं.

आत आलेल्यांना लिस्बनमध्ये राहू दिलंच असंही नाही. फिगैरा द फोज, काल्दास द राइन्या अशा किनाऱ्यावरच्या आणि पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत त्यांना नेमून दिलेल्या ठिकाणी राहावं लागे. अमेरिकेचा किंवा ब्राझीलचा व्हिसा आणि जहाजात जागा मिळेपर्यंत महिनोन् महिने जात. क्रूगर कुटुंबही शेवटी लिस्बनहून अमेरिकेला पोचलं.

८. ३०,००० लोकांना वाचवलं, त्यांतले १०,००० ज्यू, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा खरा आहे का?

हा आकडा अनेक वर्षं फिरतो आहे, स्मारकांवरही आहे, पण त्याला कागदोपत्री आधार नाही. याद वाशेम या इस्राएलमधल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृतिसंस्थेचे इतिहासकार अव्राहाम मिल्ग्राम यांनी बोर्दोची नोंदवही तपासली. १ जानेवारी ते २२ जून १९४० या काळात तिच्यात २,८६२ व्हिसांची नोंद आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक जूनच्या त्या गर्दीच्या दिवसांतले.

मग खरा आकडा तीन हजार का? तसंही म्हणता येत नाही. गर्दी वाढल्यावर नोंद ठेवणंच सुटलं होतं. बायोन आणि आंदायमध्ये दिलेले व्हिसे या वहीत नाहीत. एका व्हिसावर अनेकदा सगळं कुटुंब पार होई. त्यामुळे वाचलेली माणसं नोंदींपेक्षा बरीच जास्त आहेत, हे नक्की.

माझा आग्रह एवढाच की भिंतीवर लावायच्या तक्त्यावर ‘हजारो’ लिहा. मोठा आकडा लिहिला की मान वाढतो असं अनेकांना वाटतं. पण उद्या एखाद्या मुलाने वाचून ‘हे तर खोटं निघालं’ म्हटलं, तर त्या संशयाची झळ मेंडिस यांनाच लागणार. शंभर कुटुंबं वाचवली असती तरी त्यांच्या निर्णयाची किंमत तेवढीच होती. होलोकॉस्टचे थोर अभ्यासक यहूदा बाउअर यांनी एका व्यक्तीने केलेल्या बचावकार्यांत हे कदाचित सर्वांत मोठं असावं असं लिहिलं आहे. त्यातला ‘कदाचित’ गाळू नका.

बोर्दोच्या या नोंदवह्या २०१७ साली युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या यादीत गेल्या.

९. फक्त ज्यूंनाच व्हिसा दिले का?

नाही. रांगेत जो उभा असेल त्याला. ऑस्ट्रियाच्या गादीचे वारस ओटो फॉन हाब्सबुर्ग आणि त्यांचं कुटुंब, लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेस शार्लोट, चित्रकार साल्वादोर दाली आणि पत्नी गाला, बेल्जियमचे मंत्री, रोथशिल्ड घराण्यातली माणसं. आणि त्यांच्याच मागे शिंपी, दुकानदार, विद्यार्थी, नावगाव कुणाला माहीत नसलेली माणसं.

भाषणांत पहिलीच नावं घेतली जातात. कळतं मला, नावं ओळखीची असली की ऐकणारा सावरून बसतो. पण ओटो फॉन हाब्सबुर्गला दार उघडणारे आणखी कुणी भेटलेच असते. नान्सेन पासपोर्टवाल्या शिंप्याला कोण भेटणार होतं?

१०. त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप होता, हे खरं का?

आरोप होता. लिस्बनमधल्या ब्रिटिश दूतावासाने तक्रार केली होती की बोर्दोचा कॉन्सल कामाचे तास संपेपर्यंत अर्ज लांबवतो, जादा शुल्क लावतो, आणि एका अर्जदाराला पोर्तुगालच्या धर्मादाय निधीला देणगी द्यायला सांगितली. मेंडिस यांनी हा आरोप नाकारला. व्हिसा मिळालेल्यांच्या आठवणी उलटच सांगतात: त्या दिवसांत शुल्कच घेणं बंद झालं होतं. शिवाय इतके पैसे घेतले असते तर पुढची चौदा वर्षं कर्जात का गेली असती? तक्रार खरीच नोंदलेली आहे, ती लपवायची गरज नाही. पण जी शिक्षा झाली ती मुख्यतः आज्ञाभंगासाठी झाली.

११. त्यांना बडतर्फ केलं होतं ना?

नेमकं सांगायचं तर नाही. सरकारी नोकरीतल्या वाचकांना हा फरक चटकन कळेल. चौकशी समितीने पदावनती सुचवली होती. सालाझारने ती पुरेशी मानली नाही. ३० ऑक्टोबर १९४० चा निकाल असा: एक वर्ष कामाविना अर्ध्या पगारावर, आणि त्यानंतर सक्तीची निवृत्ती.

‘एक छदामही दिला नाही’ असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. तेही बरोबर नाही. काही रक्कम त्यांना मिळत राहिल्याचे कागद आहेत. पण मोठं कुटुंब, डोक्यावर कर्ज, सरकारची खप्पामर्जी आणि पुन्हा उभं राहायचे सगळे मार्ग बंद, यांपुढे ती रक्कम कुठे पुरणार? लिस्बनच्या ज्यू संस्थेने निर्वासितांसाठी चालवलेल्या भोजनालयात हे कुटुंब जेवायला जाई. मुलांना पोर्तुगालमध्ये भवितव्य उरलं नाही, एकेक करून ती परदेशी गेली. अमेरिकेत जन्मलेले दोन मुलगे अमेरिकी सैन्यात भरती झाले.

१९४५ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. १९४८ मध्ये आंजेलिना गेल्या. ३ एप्रिल १९५४ ला लिस्बनच्या फ्रान्सिस्कन रुग्णालयात मेंडिस वारले. अंगावर घालायला चांगला कपडा नव्हता म्हणून फ्रान्सिस्कन साधूंच्या झग्यात त्यांना पुरलं.

१२. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी काहीतरी ऐकलं होतं. ते मुलांसमोर बोलावं का?

आंद्रे सिबियाल या फ्रेंच स्त्रीशी त्यांचे संबंध होते आणि १९४० मध्ये त्यांना मुलगी झाली. आंजेलिना यांच्या निधनानंतर त्यांनी आंद्रेशी लग्न केलं. हे लपलेलं नाही. सहावीच्या मुलांना सांगायची गरज नाही, पण मोठ्या माणसांनी विचारलं तर खरं सांगावं. आंजेलिना यांना याचा त्रास झालाच असणार, आणि त्याच आंजेलिना जूनच्या त्या दिवसांत घरात भरलेल्या निर्वासितांना जेवूखाऊ घालत होत्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. मेंडिस यांच्या सन्मानात त्यांचाही वाटा मानला पाहिजे.

१३. सालाझारच्याच पोर्तुगालने हजारो निर्वासितांना जागा दिली. मग त्याला दोष का द्यायचा? आणि गोव्याचा याच्याशी काय संबंध?

पोर्तुगालमधून हजारो निर्वासित पार झाले, हे खरं. सीमेच्या आत आलेल्यांना पोर्तुगालने जर्मनीच्या हवाली केलं नाही, सामान्य पोर्तुगीज माणसांनी त्यांना मायेने वागवलं, हेही खरं. विलार फोर्मोझुच्या स्टेशनावर गावच्या बायका पाव आणि दूध घेऊन उभ्या असत. पण १९४० च्या जूनमध्ये त्या स्टेशनावर उतरलेल्यांतले कितीतरी जण सालाझारच्या हुकमाविरुद्ध दिलेल्या व्हिसावर आले होते. वर्तमानपत्रांत औदार्याचं श्रेय सरकारला मिळालं आणि ज्याच्या सहीने माणसं आली त्याला शिक्षा.

आता गोवा. सालाझार तेव्हा पंतप्रधान होता आणि १९३६ ते १९४७ परराष्ट्र खातंही त्याच्याचकडे होतं. मेंडिस यांच्या शिक्षेवर निर्णय देणारा आणि पुढे गोवा सोडायला ठाम नकार देणारा माणूस एकच. ज्या राजवटीने मेंडिस यांना मोडलं तिनेच सांगलीच्या मोहन रानड्यांना पोर्तुगालला नेऊन काशियशच्या तुरुंगात ठेवलं आणि गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत सोडलं नाही. दोन्ही हिशेब मिटायला एकाच दिवसाची वाट पाहावी लागली: २५ एप्रिल १९७४ ची, ती राजवट उलथवणारी लिस्बनमधली क्रांती. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी करारात मान्य केलं. मेंडिस यांना आणखी थांबावं लागलं, ते पुढच्या प्रश्नात.

गोवा मुक्तिसंग्रामाविषयी वाचलेल्या मराठी माणसाला मेंडिस परके वाटू नयेत ते यासाठी. त्यांचं दुःख ज्या दप्तरातून निघालं ते दप्तर आपल्या ओळखीचं आहे.

१४. सन्मान कधी आणि कसा मिळाला? एवढा उशीर का?

बाहेरून आधी आला. १८ ऑक्टोबर १९६६ ला इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने त्यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ ही पदवी दिली. ज्यूंचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःला धोक्यात घालणाऱ्या ज्यूंव्यतिरिक्त माणसांना ती दिली जाते. मुलगी जोआना हिने त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. पोर्तुगालमध्ये सालाझार सत्तेवर होता, त्यामुळे देशात त्याचा गाजावाजा झाला नाही.

१९७४ नंतर सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. झालं नाही. परराष्ट्र खात्यात जुनी माणसं होती, आणि १९७६ साली खात्यातच तयार झालेला, मेंडिस यांच्या बाजूने असलेला अहवाल कपाटात पडून राहिला. शेवटी मुलांनी, विशेषतः अमेरिकेत गेलेल्यांनी, मोहीम चालवली. राष्ट्राध्यक्ष मारियु सुआरेश यांनी मरणोत्तर ‘स्वातंत्र्य सन्मान’ दिला आणि कुटुंबाची माफी मागितली. १९८८ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या संसदेने एकमताने त्यांच्यावरचे आरोप रद्द करून त्यांना सेवेत परत घेतलं आणि राजदूतपदी बढती दिली. मरणानंतर चौतीस वर्षांनी.

२०२० च्या जूनमध्ये संसदेने त्यांना राष्ट्रीय पँथियनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाध्या असलेल्या लिस्बनमधल्या स्मारकात, मान द्यायचं ठरवलं. १९ ऑक्टोबर २०२१ ला तो समारंभ झाला.

१५. म्हणजे त्यांची समाधी आता पँथियनमध्ये आहे?

नाही, तिथे त्यांच्या नावाची स्मृतिशिला आहे. देह गावीच, काबानास द विरियातुच्या दफनभूमीत कुटुंबाशेजारी आहे.

१६. पोर्तुगालला जाणार आहोत. काय पाहता येईल?

दोन ठिकाणं चुकवू नका.

पहिलं त्यांचं घर, काझा दु पासाल. मोठं, दिमाखदार घर. १९४० मध्ये त्यांनी इथेही निर्वासित ठेवले. बेल्जियमचे मंत्री आल्बेर द व्ह्लेशाउअर यांचं कुटुंब इथे राहिलं होतं. पुढे कर्जात घर विकलं गेलं आणि कित्येक वर्षं छप्पर कोसळलेल्या अवस्थेत उभं होतं. २०११ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं, मग हळूहळू दुरुस्ती, आणि १९ जुलै २०२४ ला, त्यांच्या जन्मदिवशी, तिथे संग्रहालय सुरू झालं.

दुसरं विलार फोर्मोझु स्टेशन. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या चित्रांनी सजलेलं. त्याला लागूनच २०१७ पासून ‘शांततेची सीमा’ नावाचं संग्रहालय आहे. तिथे निर्वासितांच्या बाजूने गोष्ट सांगितली आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर मी हे निवडेन. फ्रान्समधून जात असाल तर बोर्दोत त्यांचा अर्धपुतळा आहे.

१७. सुगिहारा, वॉलेनबर्ग आणि हे, तिघांची गोष्ट एकच ना?

वरवर सारखी, आतून वेगळी. जपानचे चिउने सुगिहारा यांनी लिथुआनियात १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पारगमन व्हिसे दिले. टोकियोच्या अटी बाजूला ठेवून. मेंडिस यांच्याशी त्यांचं साम्य सर्वांत जवळचं. स्वीडनचे राऊल वॉलेनबर्ग १९४४ साली बुडापेस्टला गेले ते या कामासाठीच, सरकारच्या पाठबळाने. त्यांचं धाडस कमी नव्हतं, पण ते आपल्या सरकारविरुद्ध नव्हतं.

आणखी एक गल्लत होते. बुडापेस्टमध्ये १९४४ मध्ये ज्यूंना आसरा देणारे पोर्तुगीज मुत्सद्दी कार्लुश सांपायु गारिदु हे वेगळे. त्यांना याद वाशेमने २०१० मध्ये गौरवलं.

१८. कोल्हापूरजवळ पोलंडचे निर्वासित होते. ते याच व्हिसावर आले का?

नाही. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेले होते. ते इराणमार्गे भारतात आले आणि त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. ती आपल्या अभिमानाची गोष्ट आहे, स्वतंत्रपणे सांगण्याजोगी. दोन्ही एकत्र करून ‘मेंडिसनी वाचवलेले ज्यू कोल्हापुरात’ असा मजकूर फिरतो, तो पुढे पाठवू नका.

१९. ‘माणसाच्या बाजूने देवाविरुद्ध उभं राहण्यापेक्षा देवाच्या बाजूने माणसाविरुद्ध’ हे वाक्य त्यांचंच का? फलकावर लिहायचं आहे.

ते त्यांच्या तोंडी सांगितलं जातं. लिहायचं असेल तर ‘असं ते म्हणाल्याचं सांगितलं जातं’ एवढं जोडा. चौकशीत ऑगस्ट १९४० मध्ये दिलेलं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात त्यांनी काही नाकारलं नाही. त्या लोकांचे हाल शब्दांत सांगता येणार नाहीत असे होते आणि त्यांना वाचवणं हाच माझा हेतू होता, असा त्याचा आशय. चौकशी अधिकाऱ्याला असं लेखी देणं किती अवघड असतं ते नोकरी केलेल्या माणसाला विचारा.

२०. आमच्या शाळेत त्यांचा दिवस साजरा करायचा आहे. कधी आणि कसा?

१७ जून. जगभर अनेक ठिकाणी हा दिवस त्यांच्या आठवणीत ‘सदसद्विवेकाचा दिवस’ म्हणून पाळतात. महाराष्ट्रात शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, त्यामुळे मोठा कार्यक्रम बसवायला वेळ नसतो आणि त्याची गरजही नाही. गोव्यातल्या शाळांना आणखी सोपं: दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, गोवा क्रांतिदिन असतो. दोन्ही विषय जोडून घेता येतात (प्रश्न १३).

हार, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं यांत तास घालवू नका. एका शाळेत मी पाहिलेला प्रयोग सांगतो. बाईंनी परिपत्रक १४ मधली यादी फळ्यावर लिहिली. पाच-सहा मुलांना चिठ्ठ्या दिल्या: एक बेल्जियन व्यापारी, एक देश नसलेला शिंपी, एक रशियन म्हातारी, एक पोलिश ज्यू आई. एक मुलगी कॉन्सल झाली. टेबलावर शिक्का आणि परिपत्रक. प्रत्येकाने येऊन व्हिसा मागायचा आणि तिने परिपत्रकात पाहून उत्तर द्यायचं. पहिल्या दोघांना तिने भराभर उत्तरं दिली. चौथ्या चिठ्ठीला ती थांबली आणि बाईंकडे बघायला लागली. बाईंनी काही सांगितलं नाही. वर्गही गप्प होता. बराच वेळ गेल्यावर तिने परिपत्रक उलटं करून ठेवलं आणि शिक्का उचलला.